व्हर्जिनिया वुल्फच्या डायऱ्या आणि तिने इतर कादंबरीकारांबद्दल खासगीत लिहिलेलं - कोणी वाचलंय का?

रानजाई:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेले चार महिने रोज रात्री इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फच्या डायऱ्या वाचत होते, पाचही खंड, १९१५ पासून मार्च १९४१ पर्यंत, म्हणजे ती गेली त्याच्या चार दिवस आधीपर्यंतच्या. काल शेवटचं पान झालं आणि डोक्यात इतकं साचलंय की कुठेतरी बोलल्याशिवाय झोप यायची नाही.

तिच्या कादंबऱ्यांबद्दल इथे आधी धागे आलेत. मला बोलायचंय ते तिने बरोबरीच्या कादंबरीकारांबद्दल डायरीत काय लिहून ठेवलंय त्याबद्दल. कारण वाचताना मला दोनदा पुस्तक मिटून बाजूला ठेवावं लागलं, इतका त्रास झाला.

पहिल्यांदा झालं ते ऑगस्ट १९२२ च्या नोंदीला. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसची युलिसिस त्याच वर्षी २ फेब्रुवारीला पॅरिसमध्ये छापून आली होती, वुल्फने ती निळ्या कागदी कव्हरची प्रत घेतली आणि दोनशे पानं वाचून झाल्यावर डायरी उघडली. ती म्हणते सुरुवातीची दोनतीन प्रकरणं, अगदी त्या दफनभूमीच्या प्रसंगापर्यंत, मजा आली, गुंतले, आणि मग कंटाळा, वैताग, भ्रमनिरास. कॉलेजातलं एखादं पोरगं तोंडावरच्या पुटकुळ्या खाजवत बसलंय तसं वाटलं म्हणे. आणि तिचा मित्र, कवी टी. एस. एलियट याला वॉर अँड पीसच्या शेजारी बसवतो याचं तिला आश्चर्य. इथपर्यंत ठीक आहे, नाही आवडलं पुस्तक, पण पुढे ती लिहिते की हे अडाणी, असंस्कृत पुस्तक आहे, आपलं आपण शिकलेल्या एखाद्या कामगाराचं पुस्तक. सप्टेंबरात पुस्तक संपवल्यावर परत लिहिते की बार फुकट गेला, प्रतिभा आहे पण हलक्या प्रतीची, पसरट आणि आव आणणारी.

जिच्या एकेका वाक्यावर मी जीव टाकते तिने हे लिहावं? मला जाणून घ्यायचंय, तुम्ही अशा खासगी मतांचं काय करता? ती वाचावीत का, आणि वाचल्यावर त्या लेखकाकडे आधीच्याच नजरेने बघता येतं का?

पायवाट:

रानजाई, धागा चांगला आहे पण त्या वाक्याला तुम्ही त्रास झाला एवढंच म्हणून पुढे गेलात, मला तिथेच थांबायचंय.

माझे वडील गिरणीत होते, घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि पोथी, मी वाचायला शिकलो ते वाचनालयात झाडलोट करून. आपलं आपण शिकलेला कामगार हे शब्द वुल्फ शिवी म्हणून वापरते ना, मग मला सांगा आमच्या अण्णाभाऊ साठ्यांना ती काय म्हणाली असती? शाळेत जेमतेम पाय ठेवलेला माणूस, वाटेगावहून मुंबईला आला, गिरणीत राबला, आणि १९५९ ला फकिरा लिहिली. त्या कादंबरीत जी भाषा आहे ती कुठल्या दिवाणखान्यात बसून येत नाही.

आणि गंमत अशी नाही, दुःख असं आहे की जॉइस तसा होताच कुठे. बापाने कर्जात घर बुडवलं हे खरं पण शिक्षण सगळं जेझुइटांच्या शाळांमध्ये, क्लाँगोज वुड, बेल्व्हेडिअर, मग डब्लिनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, लॅटिन इटालियन फ्रेंच सगळं येत होतं. म्हणजे तिने जो आरोप केला तो मुळात खोटा, आणि खरा असता तरी तो आरोप नव्हे. अशी मतं खासगी होती म्हणून सोडून द्यायची हे मला पटत नाही. माणूस खासगीत जे बोलतो तेच त्याचं खरं मत असतं.

टिपकागद:

पायवाट, तुमच्या रागाला पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर घालतो. आपलं आपण शिकलेली खरं तर वुल्फच होती. शाळेत कधी गेलीच नाही ती. भाऊ केंब्रिजला आणि ही बापाच्या लायब्ररीत एकटी वाचत बसलेली, किंग्ज कॉलेजच्या बायकांच्या विभागात काही वर्ग केले तेवढेच. तो सल तिला आयुष्यभर होता, १९२९ साली बायकांना कॉलेजच्या लायब्ररीत पाऊल टाकता येत नाही यावर तिने अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा ज्या शब्दाने ती जॉइसला मारते तो शब्द तिच्या स्वतःच्या अंगात रुतलेला काटा होता असं मला वाटतं. म्हणून माफ करा असं म्हणत नाहीये, पण कुठून आला ते दिसतं.

आणि शेवटच्या वाक्याशी मात्र असहमत. खासगीत बोललेलं तेच खरं मत असं का धरायचं? रागाच्या भरात घरात बोललेलं आणि चार दिवस विचार करून लिहिलेलं यात खरं कुठलं? एप्रिल १९१९ मध्ये लंडनच्या टाइम्सच्या साहित्य पुरवणीत तिने आधुनिक कादंबरीवर लेख लिहिला, त्या पुरवणीत तेव्हा नावं छापत नसत. त्यात वेल्स, बेनेट, गॉल्सवर्दी या नावाजलेल्या मंडळींना बाजूला सारून ती या नवख्या आयरिश माणसाच्या बाजूने उभी राहते. हातचं राखून, शंका घेत, पण उभी राहते. तेव्हा युलिसिस पुस्तक म्हणून आलेलंही नव्हतं, मासिकात तुकड्यातुकड्याने येत होतं. मला तर तो लेख जास्त खरा वाटतो.

अबोली_न्यूजर्सी:

मी पण यातले दोन खंड वाचलेत. एक विचारू का, पण ही पुस्तकं छापायला हवी होती का मुळात? तिच्या नवऱ्याने, लेनर्डने १९५३ मध्ये फक्त लेखनाबद्दलचे उतारे निवडून एक पुस्तक काढलं, बरंच गाळलं कारण लोक हयात होते. मग १९६९ ला तो गेला, आणि १९७७ ते १९८४ मध्ये अख्खी डायरी आली. १९२६ च्या मार्चमध्ये वुल्फ स्वतःच लिहिते, मी मेले तर लेनर्ड या वह्यांचं काय करेल, त्याला जाळवणार नाहीत आणि छापताही येणार नाहीत, तर त्याने यातून एक छोटं पुस्तक करावं आणि बाकीचं जाळावं. आणि लेनर्डला लिहिलेल्या शेवटच्या चिठ्ठीत तर माझे सगळे कागद नष्ट करशील का असं आहे.

हे माहीत असून मी वाचते आणि दर वेळी कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरल्यासारखं होतं. माझ्या आजीच्या ट्रंकेत तिची वही सापडली होती, त्यात आईबद्दल, म्हणजे तिच्या सुनेबद्दल जे लिहिलं होतं ते वाचून आई दोन दिवस बोलली नाही. आजी वारून तेव्हा सात वर्षं झाली होती आणि शेवटच्या आजारपणात आईनेच तिचं सगळं केलं होतं. आजीच्या मनात शेवटी काय होतं ते वहीत नव्हतंच, कारण तोवर तिच्याने लिहवत नव्हतं.

रानजाई:

अबोली, तू हे लिहिलंस त्याबद्दल खरंच थँक्यू. शेवटी काय होतं ते वहीत नव्हतं, हे वाक्य घेऊन मी सकाळपासून फिरतेय.

पायवाट, तुमचं म्हणणं मान्य, मी घाईत पुढे गेले. त्या नोंदीतला वर्गाचा माज माजच आहे, तो मला धुऊन काढायचा नाहीये. पण एक नोंद तुम्हाला दाखवायचीच आहे, माझ्या मते सगळ्याची किल्ली तिथे आहे. सप्टेंबर १९२०, म्हणजे युलिसिस हातात यायच्या दोन वर्षं आधी. जेकब्ज रूम लिहिणं चाललंय, तिची पहिली खरी नवी कादंबरी, वेगाने चाललीय आणि मध्येच एका पार्टीच्या प्रसंगाशी येऊन अडकली. त्याच आठवड्यात एलियट रॉडमेलच्या त्यांच्या घरी मुक्कामाला येऊन गेला आणि जॉइसची भरपूर तारीफ करून गेला. तो गेल्यावर ती डायरीत लिहिते की मी जे करतेय ते बहुधा मिस्टर जॉइस माझ्यापेक्षा चांगलं करत असतील.

बस. एवढंच वाक्य. त्याच वर्षी जानेवारीत तिला नव्या रचनेची कल्पना सुचलेली असते तेव्हाही लगेच धास्ती आहे की यात तो मी मी करणारा अहंकार शिरला तर सगळं नासेल, जसं जॉइसचं नासलं. म्हणजे पुस्तक पूर्ण वाचायच्या आधीपासून तो माणूस तिच्या टेबलाच्या पलीकडे बसलेला आहे, ती लिहितेय आणि तो बघतोय. आणि ऑगस्ट १९२२ मध्ये, ज्या दिवसांत ती पुटकुळ्यांचं लिहिते, त्याच दिवसांत ती मिसेस डॅलोवेची गोष्ट लिहितेय. ऑक्टोबरात तिने नोंद केलीय की या गोष्टीला फांद्या फुटून पुस्तक होतंय. एका शहरातला जूनचा एक दिवस, माणसं रस्त्यातून चालताहेत आणि त्यांच्या डोक्यातलं आपल्याला ऐकू येतंय. युलिसिसही जूनचा एक दिवस, डब्लिन. तिला त्या क्षणी ते पुस्तक मोठं आहे असं म्हणणं परवडलंच नसतं, म्हटलं असतं तर पेन खाली ठेवावं लागलं असतं.

कुंदाताई:

रानजाई, मी इतका वेळ वाचनमात्र होते पण आता लिहिते. मी शाळेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर दोन कादंबऱ्या लिहिल्या, एक छापली गेली. तू जे म्हणतेस ते मी अंगावर अनुभवलंय. पहिली लिहीत असताना माझ्या एका मैत्रिणीचं हस्तलिखित माझ्याकडे वाचायला आलं, माझ्यासारखाच विषय, वाड्यातलं एकत्र कुटुंब आणि त्याची वाटणी. ते इतकं चांगलं होतं की मी महिनाभर एक ओळ लिहू शकले नाही. आणि माझ्या वहीत मी तिच्याबद्दल काय लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही, पण त्यात साहित्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळं तिच्या साड्या, तिचा नवरा, तिचं बोलणं यावर. ज्या पुस्तकात खोट काढता येत नाही त्याच्या लेखकात काढायची, हे असंच असतं गं. तिला मी तोंडावर सांगितलं ते मात्र खरं सांगितलं, की माझ्यापेक्षा चांगलं आहे. ते म्हणायला मला सव्वा महिना लागला.

आणि तुम्ही कोणी प्रूस्तचं नाव काढलं नाहीत अजून! तिच्या पत्रांचे सहा खंड आहेत, त्यात १९२२ सालची तिच्या मित्राला, कलासमीक्षक रॉजर फ्रायला लिहिलेली पत्रं बघा. प्रूस्त वाचून माझी अभिव्यक्तीची इच्छा इतकी चेतते की मला वाक्यच पुढे नेता येत नाही, असं लिहिता आलं असतं तर! ऑक्टोबरात परत, माझं मोठं साहस सध्या प्रूस्त, त्याच्यानंतर लिहायचं काय उरलं? डायरीत १९२५ मध्ये म्हणते की तो तातीसारखा चिवट आहे आणि फुलपाखराच्या पंखावरल्या धुळीसारखा उडून जाणारा, आणि त्याच्यामुळे मला स्वतःच्या प्रत्येक वाक्याचा वैताग येणार. बघा, तेच वर्ष, तीच बाई, तितकाच मोठा लेखक, आणि इथे दोन्ही हातांनी ओवाळतेय. कारण तो फ्रेंच, दुसऱ्या भाषेतला. इंग्रजीत तिच्या वाटेवर पुढे चाललेला होता तो जॉइस.

टिपकागद:

कुंदाताई, दंडवत. हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवतोय.

वाटेवर पुढे चाललेली आणखी एक होती, कॅथरीन मॅन्सफिल्ड. ती कथाकार, कादंबरीकार नव्हे, पण वुल्फची खरी बरोबरी तिच्याशीच होती म्हणून इथे लिहितो. वुल्फ नवराबायकोचा घरचा छापखाना, होगार्थ प्रेस, १९१७ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांचं दुसरंच प्रकाशन म्हणजे मॅन्सफिल्डची प्रिल्यूड, ६८ पानं, ३०० प्रती, जुलै १९१८. त्याचे खिळे वुल्फने स्वतःच्या बोटांनी जुळवलेत, एकेक अक्षर. ज्यांनी जुना छापखाना बघितलाय त्यांना कळेल की खिळे जुळवताना वाक्य किती हळू जातं हाताखालून. दुसऱ्याचं गद्य इतक्या जवळून किती कादंबरीकारांनी वाचलं असेल?

आणि पुढच्याच महिन्यात मॅन्सफिल्डची आणखी एक कथा वाचून वुल्फ मासिक फेकून देते, संपली ही बाई म्हणते, हिचं मन म्हणजे कातळावर इंच दोन इंच मातीचा थर.

मॅन्सफिल्डही काही कमी नव्हती. १९१९ मध्ये नाइट अँड डे आली तेव्हा तिने अथेनियम या नियतकालिकात सभ्य परीक्षण लिहिलं, जहाज एवढा लांबचा प्रवास करून एक ओरखडा न पडता बंदरात येतंय अशा थाटाचं. वुल्फला तेवढंही लागलं, तिने डायरीत लिहिलंय की मला सभ्य वयस्क मंद बाई करून टाकलंय हिने. पण नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात मॅन्सफिल्ड काय म्हणते, ही कादंबरी म्हणजे आत्म्यातलं खोटं आहे, महायुद्ध झालंच नाही असं हिने लिहिलंय. १९१५ मध्ये तिचा धाकटा भाऊ बेल्जियममध्ये हातबाँबच्या अपघातात गेला होता. मला हे खासगी मत त्या छापील परीक्षणापेक्षा शंभर पटीने मोलाचं वाटतं. आता म्हणाल मगाशी तर उलट बोललास. हो, इथे मला उलटच वाटतं, मॅन्सफिल्ड पत्रात जे बोलली ते पुस्तकाबद्दल बोलली, पुटकुळ्यांबद्दल नाही. आणि वुल्फपर्यंत ते गेलं नसतानाही तिच्या पुढच्या कादंबऱ्यांमधून युद्ध पुन्हा कधी गेलं नाही, जेकब युद्धात मरतो, डॅलोवेमधला सेप्टिमस युद्धातून परत येऊन मरतो.

पायवाट:

हे मला माहीत नव्हतं. भावाचं.

मॅन्सफिल्ड गेली तेव्हा काय लिहिलंय तिने?

टिपकागद:

जानेवारी १९२३. मॅन्सफिल्ड ९ तारखेला फ्रान्समध्ये क्षयाने गेली, वय ३४. वुल्फला आठवड्याने लिहायला सुचलं. सकाळी नाश्त्याच्या वेळी कामवाल्या नेलीने पेपरात वाचून सांगितलं. आणि ती लिहिते की पहिल्यांदा काय वाटलं, सुटका? एक स्पर्धक कमी झाली? मग हळूहळू एक पोकळी. लिहायला बसले तर वाटलं आता लिहून काय उपयोग, कॅथरीन वाचणार नाही. आणि मग तो कबुलीजबाब, मी आयुष्यात ज्या एकाच लेखनाचा मत्सर केला ते हिचं.

माझ्या वाचनात एका लेखकाने दुसऱ्याबद्दल लिहिलेलं यापेक्षा प्रामाणिक काही आलेलं नाही. सुटका वाटली का हा प्रश्न स्वतःला लिहून विचारायला काय लागतं! डायरी नसती तर हेही नसतं. म्हणून अबोली, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे की छापली हे बरंच झालं, कातळावरची माती आणि हे, दोन्ही एकत्र छापलं म्हणून.

अबोली_न्यूजर्सी:

हो, दोन्ही एकत्र असेल तर. तोडून एकेक वाक्य फॉरवर्ड करतात ना आजकाल, वुल्फ जॉइसला काय म्हणाली बघा म्हणून, त्याचाच मला राग आहे.

बेनेटचं पण लिहा कोणीतरी. त्याने म्हटलं होतं की वुल्फची पात्रं मनात जिवंत राहत नाहीत, हिने उलट लेख लिहून त्याच्या सगळ्या पिढीची कादंबरी मोडीत काढली, अनेक वर्षं चाललं ते. आणि तो मार्च १९३१ मध्ये टायफॉइडने गेला तर दुसऱ्या दिवशी ही लिहिते की वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय, खरा माणूस होता, तो मला नावं ठेवायचा, आणि तरी त्याने ठेवत राहावीत, मी त्याला ठेवत राहावीत असं मला वाटत होतं.

कुंदाताई:

अवांतर आहे पण आपल्याकडे असं खासगी फार थोडं छापलं गेलंय याची खंत वाटते. जी. एं.ची पत्रं हा मोठा अपवाद, ते गेल्यावर मौजेने खंड काढले, सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं मी कितीदा वाचलीत. धारवाडला लोकांपासून लांब राहून तो माणूस काय काय वाचत होता आणि वाचलेल्यावर किती जीव तोडून लिहीत होता. पण कादंबरीकारांच्या डायऱ्या? घरची माणसं रद्दीत घालतात किंवा अबोलीच्या आजीसारखं ट्रंकेत राहतं. कोणाच्या घरी अशा वह्या असतील तर निदान जपून ठेवा, छापायचं की नाही ते पुढचे ठरवतील.

रानजाई:

सगळ्यांचे आभार. मी दोनदा पुस्तक मिटलं म्हटलं होतं, त्यातली दुसरी वेळ सांगायची राहिली. ती १५ जानेवारी १९४१ ची नोंद.

जॉइस १३ तारखेला झुरिकमध्ये गेला. ती लिहिते की माझ्याहून पंधरवड्याने लहान होता. (खरं तर आठच दिवसांनी, ती २५ जानेवारी १८८२ ची, तो २ फेब्रुवारीचा.) आणि तिला आठवतं ते १९१८ सालचं, जॉइसची पाठीराखी मिस वीव्हर लोकरीचे हातमोजे घालून वुल्फच्या घरी, होगार्थ हाउसला आली होती आणि चहाच्या टेबलावर तिने युलिसिसचं टंकलिखित ठेवलं होतं. तुम्ही छापाल का म्हणून. ते छापलं गेलं नाही, हातावर चालणाऱ्या छपाईयंत्राला ६८ पानांच्या प्रिल्यूडने कित्येक महिने लावले होते तर ३०० पानांना दोन वर्षं लागली असती, आणि लेनर्डने बाहेरच्या दोन मुद्रकांना विचारलं तर ते खटल्याला घाबरले. तर ते बाड तिने एका नक्षीच्या कपाटाच्या खणात ठेवलं होतं. एक दिवस मॅन्सफिल्ड आली, वुल्फने ते बाहेर काढलं, मॅन्सफिल्ड टिंगल करत वाचायला लागली आणि वाचता वाचता एकदम थांबून म्हणाली, पण यात काहीतरी आहे.

वुल्फ म्हणते हा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात यायला हवा. मग ती निळी प्रत आठवते, रॉडमेलला एका उन्हाळ्यात वाचलेली. मध्येच आश्चर्याचे, काहीतरी सापडल्याचे झटके येत होते, म्हणते, आणि मध्ये लांबच लांब कंटाळा.

आश्चर्याचे झटके! १९२२ च्या त्या नोंदींमध्ये हा शब्द कुठे होता? कामगाराचं पुस्तक, पुटकुळ्या, यातलं काही तिला आता आठवत नाही किंवा आठवूनही लिहावंसं वाटत नाही. तिला आठवतो तो खण, ते हातमोजे, आणि १८ वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीचा आवाज. त्यानंतर अडीच महिन्यांत ती स्वतः गेली. मी ते पान वाचून दिवा घालवला आणि बराच वेळ तशीच पडून राहिले.

पायवाट:

रानजाई, माझ्याकडे युलिसिसची एक प्रत आहे, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत घेतलेली, तीनदा सुरू करून पहिल्या पन्नास पानांत सोडलीय. वुल्फला दफनभूमीपर्यंत आवडलं होतं ना? ते कितवं प्रकरण?

रानजाई:

सहावं. घोडागाडीत चौघं बसून प्रेतयात्रेला निघालेत तिथून सुरू होतं. आधीचं नाही वाचलं तरी चालेल, थेट तिथे उघडा.

पायवाट:

आज रात्री बसतो. वाचून झाल्यावर इथेच लिहीन, आवडलं तरी आणि नाही आवडलं तरी.